हाताची २७ हाडं, हीर आणि चिंचोके

हाताची हाडं चित्रावरून पाठ केली की मुलं चार दिवसांत विसरतात. आमच्या पणजीतल्या घरी या मे महिन्यात चिंच सोलून झाल्यावर चिंचोके उरले होते, अंगणात माडाचं चुडत (झावळी) पडलं होतं. त्याच्या पात्यांमधली कडक काडी म्हणजे हीर. त्यावरून हे सुचलं.

१. पुठ्ठ्यावर मुलाचा पंजा ठेवून कडेने पेन्सिल फिरवा.
२. मनगटावर ८ चिंचोके फेविकॉलने चिकटवा, चार-चारच्या दोन ओळींत.
३. तळव्यावर हिराचे ५ लांब तुकडे.
४. बोटांवर १४ आखूड तुकडे. किती कुठे ते सांगू नका, मुलाला स्वतःचं बोट दाबून, वाकवून मोजू द्या. अंगठ्यात दोनच आणि बाकी बोटांत तीन-तीन, हे त्याचं त्यालाच सापडतं. माझी भाची तर घरातल्या प्रत्येकाचा अंगठा तपासत सुटली!

दोन तुकड्यांमध्ये तांदळाच्या दाण्याएवढी फट ठेवा, बोट तिथेच वाकतं. हीर ओला असतानाच कापा, वाळल्यावर तो चिरतो.

घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर चिंचोके मोजून द्या आणि मोजून परत घ्या. एवढी लहान मुलं ते नाकात घालतात.