ओलं टॉय पेटीत ठेवू नका: सेक्स टॉय धुताना आणि जपताना होणाऱ्या चुका

लातुरात मेडिकलच्या काउंटरमागे माझी बरीच वर्षं गेली. खाजेचं मलम मागणारी बाई पैसे देऊनही घुटमळत राहिली, की मला कळतं, खरा प्रश्न वेगळाच आहे. "ताई, एक विचारू का?" म्हणते, मागे वळून दुसरं गिऱ्हाईक नाही ना ते बघते, आणि मग हळूच विचारते, ऑनलाइन मागवलेलं ते मसाजर धुवायचं कशानं? पुरुषही विचारतात, पण बहुधा फोनवर.

यातल्या बहुतेकांनी वस्तू धुतलेली असते. बिघडतं ते त्यानंतर. घर एकत्र कुटुंबाचं, न्हाणीघर एक, दाराबाहेर कुणीतरी ताटकळलेलं. मग घाईघाईत दोन तांबे पाणी ओतायचं, ओलंच कॅरीबॅगमध्ये गुंडाळायचं आणि साड्यांच्या पेटीत तळाशी सरकवायचं. बंद, दमट, उबदार जागा. बुरशीला आणखी काय हवं? लपवायला माझी ना नाही, घरात राहायचं तर लपवावंच लागतं. पण वाळवून लपवा.

कशाचं बनलंय हे न बघता उकळणं

उकळता येतात त्या तीनच गोष्टी: मोटर नसलेलं शुद्ध सिलिकॉन, स्टेनलेस स्टील आणि बोरोसिलिकेट (उष्णता सोसणारी) काच. पातेल्याच्या तळाशी सुती फडकं घाला, वस्तू पूर्ण बुडेल इतकं पाणी घ्या आणि उकळी फुटल्यावर पाच ते दहा मिनिटं ठेवा. काचेची वस्तू गार पाण्यातच ठेवून पाणी तापवा. उकळत्या पाण्यात एकदम टाकली तर तडकू शकते, आणि बाहेर काढून लगेच गार पाणी ओतलं तरीही. पातेलं वेगळंच असू द्या, स्वयंपाकाचं नको.

मोटर आणि बॅटरी असलेलं काहीही उकळायचं नाही, वरून सिलिकॉन असलं तरी. कडक एबीएस प्लास्टिकही नाही.

आता सगळ्यात जास्त विकलं जाणारं: मऊ, लिबलिबीत, कातडीसारखं लागणारं टीपीई नावाचं प्लास्टिक किंवा जेली. त्याला बारीक छिद्रं असतात. उकळलं तर आकार जातो आणि नुसतं धुतलं तर छिद्रांत शिरलेलं बाहेर येत नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासात काही व्हायब्रेटरवर धुतल्यानंतरही एचपीव्ही या विषाणूचे अंश सापडले होते. म्हणून अशा वस्तूवर दर वेळी नवा कंडोम चढवा. वास धरला, चिकट झाली की पैसे गेल्याचं दुःख न करता टाकून द्या. खोक्यावर 'बॉडी मसाजर' एवढंच छापलंय, कशाचं बनलंय ते नाही? मग ती टीपीईची आहे असंच धरून चाला.

'निर्जंतुक' हा शब्द आपण सैल वापरतो. दवाखान्यात ते दाबाखालच्या वाफेत, १२१ अंशांना, पंधरा मिनिटांत वगैरे होतं. आपलं पठार समुद्रसपाटीपासून पाच-सहाशे मीटर उंच, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. घरगुती कामाला ते पुरेसं आहे. कुकरमध्ये घालून शिट्ट्या काढायची काहीएक गरज नाही.

जास्त कडक तेच जास्त चांगलं, हा समज

डेटॉल, फिनाइल, भांड्यांची पावडर. या वस्तू ज्या जागी वापरल्या जातात तिथली त्वचा तळहातासारखी नसते. योनीचा पीएच साधारण ३.८ ते ४.५, म्हणजे आम्लधर्मी, आणि तो तसाच ठेवणारे चांगले जिवाणू तिथे राहतात. जंतुनाशकाचा किंवा सुगंधी साबणाचा अंश वस्तूवर राहिला तर जळजळ होते, ती घडी विस्कटते आणि मग खरंच संसर्ग होतो. बिनवासाचा सौम्य साबण आणि कोमट पाणी, रोजच्या वापराला एवढंच लागतं. खाचा, कडा, बटणाभोवतीची रेघ बोटांनी नीट चोळा.

सॅनिटायझर मळ काढत नाही, आणि एचपीव्हीसारख्या विषाणूवर अल्कोहोल फारसं चालत नाही. कडुलिंबाचा काढा, हळदीचं पाणी हेही मी ऐकलंय. हळदीचा डाग तेवढा कायमचा बसतो.

गावाकडे एक चूक वेगळी होते: ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीत टाकतात ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर अंदाजानं पाण्यात कालवणं. करू नका. तिचं प्रमाण घरी नीट जमत नाही आणि न विरघळलेले कण मागे राहतात. स्वयंपाकघरात उकळायची सोयच नसेल, तर बाजारातलं साधं, सुगंध न घातलेलं द्रवरूप ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग घ्या. छिद्रं नसलेली वस्तू त्यात दहा मिनिटं बुडवा आणि वास पूर्ण जाईपर्यंत धुवा. मोटरवाली वस्तू बुडवू नका, स्टीलला ब्लीचपेक्षा उकळणंच बरं. आणि ब्लीचमध्ये लिंबू, व्हिनेगर किंवा संडास धुण्याचं ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि आपली न्हाणीघरं बंदिस्त असतात.

पाणी वाचवायच्या नादात

'वाहत्या पाण्याखाली धुवा' हे लिहायला सोपं आहे. २०१६ साली ज्या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तिथल्या माणसाला नळ सोडून ठेवायला कसं सांगू? पण बादलीत बुडवून त्याच पाण्यात खळबळणंही नको, साबण आणि घाण त्याच पाण्यात फिरत राहते. तांब्यानं बारीक धार धरा. दीड-दोन लिटरमध्ये काम होतं. टँकरचं पाणी गढूळ असेल तर शेवटचा हात फिल्टरच्या किंवा उकळून गार केलेल्या पाण्याचा.

बोअरचं पाणी जड. उकळल्यावर वस्तूवर पांढरी पुटं दिसली तर ती बुरशी नाही, क्षार आहेत. पाणी आणि व्हिनेगर निम्मं-निम्मं घेऊन थोडा वेळ बुडवा, धुवून टाका.

मोटरवाल्या वस्तूवर पाणी किती सोसतं ते सांगणारी खूण असते: आयपीएक्स७ छापलेलं असेल तर ती एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरते. आयपीएक्स४ म्हणजे फक्त शिंतोडे. काहीच लिहिलेलं नसेल तर ओल्या फडक्यानं पुसून घ्या, आणि चार्जिंगचं भोक पूर्ण कोरडं झाल्याशिवाय वायर जोडू नका.

वाळवणं आणि ठेवणं

घरातल्या सगळ्यांच्या टॉवेलनं पुसू नका. जुन्या सुती धोतराचा किंवा साडीचा तुकडा वेगळा ठेवा. पुसल्यावर पंख्याखाली तासभर, पावसाळ्यात आणखी जास्त. खोलीला कडी लावून घ्यायला तेवढा वेळ मिळत नसेल, तर वस्तू कोरड्या फडक्यात सैल गुंडाळून कपाटात ठेवा आणि रात्री पुन्हा उघडून वाळवा. गच्चीवरच्या उन्हात जंतू मरतील या भरवशावर राहू नका. टीपीई मात्र उन्हानं लवकर खराब होतं.

ठेवायला सुती पिशवी, प्रत्येक वस्तूला वेगळी. दोन मऊ वस्तू एकमेकींना लागून राहिल्या तर चिकटतात, त्यांचा पृष्ठभाग बिघडतो. पेटीत डांबर गोळ्या असतील तर तिथे ठेवूच नका, मऊ प्लास्टिक तो वास धरतं आणि सोडत नाही. पत्र्याच्या खोलीतली लोखंडी पेटीही नको. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे बाहेरच ४३-४४ अंश असतात, आत त्याहून जास्त. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, म्हणून दुपारी चार्जिंग टाळा. सेलवर चालत असेल तर सेल काढून ठेवा.

तरीही काही बिघडलं तर

काळे ठिपके दिसले, चीर पडली: टाका. सिलिकॉन चिकट किंवा खरखरीत झालं असेल तर बहुधा सिलिकॉनचंच वंगण वापरलेलं असतं, पुढच्या वेळी पाण्यावर आधारित घ्या. खोबरेल तेल लावत असाल तर लेटेक्सचा कंडोम फाटू शकतो. गुदद्वारात वापरलेली वस्तू न धुता, कंडोम न बदलता योनीत वापरू नका. आतड्यातले जंतू तिथून लघवीच्या मार्गातही जातात. दोघांत एकच वस्तू असेल तर माणूस बदलला की कंडोमही बदला. सरकारी दवाखान्यात निरोध फुकट मिळतो.

दह्यासारखा पांढरा स्राव आणि खाज, माशासारखा वास, लघवीला आग: यांपैकी काही असेल तर वस्तू बाजूला ठेवा. आणि माझ्यासारखीच्या काउंटरवरून स्टेरॉइड मिसळलेलं मलम नेऊ नका. दोन दिवस बरं वाटतं, मग बुरशी आणखी पसरते. मी स्वतः ते मलम मागणाऱ्या बायकांना परत पाठवते, मालकाला आवडत नाही तरी. जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयांत गुप्तरोगांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' असतं, तपासणी आणि औषधं मोफत. एचआयव्ही किंवा गुप्तरोगाबद्दल आधी फोनवरच विचारायचं असेल तर १०९७ लावा. डॉक्टरांना कारण सांगायला जड जात असेल तर "आत वापरायची वस्तू नीट वाळली नव्हती" एवढं म्हणा. त्यांना पुढचं कळतं.