लिनक्स डिस्ट्रो निवडताना आधी अपडेटचा वेग बघा, वॉलपेपर नंतर

"कुठला लिनक्स टाकू?" असं विचारलं की दहा जण दहा डिस्ट्रोंची (वेगवेगळ्या लोकांनी बांधून दिलेले लिनक्सचे प्रकार) नावं सांगतात आणि विचारणारा बिचारा गपगुमान विंडोजवर परत जातो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपल्यापासून तर हा प्रश्न जास्तच यायला लागलाय, कारण लॅपटॉप ठणठणीत आहे पण विंडोज ११ त्यावर बसत नाही. तर कोण काय वापरतं आणि का वापरतं ते नीट सांगतो, मग तुमचं तुम्हीच ठरवा.

आधी एक घोळ मिटवू. स्क्रीनशॉट बघून डिस्ट्रो निवडू नका. त्यात दिसतं ते डेस्कटॉप (मेनू, खिडक्या, टास्कबार यांचं बाहेरचं रूप), म्हणजे नोम, केडीई प्लाझ्मा, सिनॅमन, एक्सएफसीई वगैरे, आणि हे जवळपास सगळ्याच मोठ्या डिस्ट्रोंवर टाकता येतं. रोजच्या वापरात खरा फरक पडतो तो नवीन पॅकेज (इन्स्टॉल करायला बांधून दिलेले प्रोग्राम) किती लवकर येतात आणि टाकलेलं व्हर्जन किती वर्षं सांभाळलं जातं यात. माझ्या मते ८० टक्के निर्णय इथेच होतो.

ज्यांना मशीनला हात लावायचा नाहीये, फक्त काम करायचंय, ते डेबियन घराण्यात राहतात. डेबियन १९९३ पासून आहे, मागे कंपनी नाही, साधारण दोन वर्षांनी नवीन व्हर्जन येतं (१२ आलं जून २०२३ ला, १३ ऑगस्ट २०२५ ला) आणि मधल्या काळात प्रोग्रामची व्हर्जन्स शक्यतो बदलत नाहीत, सिक्युरिटीचे आणि मोठ्या बगचे फिक्स तेवढे येतात. म्हणून सर्व्हरवाले डोळे झाकून डेबियन टाकतात, आज चालणारी गोष्ट सहा महिन्यांनी पण तशीच चालते. पूर्वी डेबियनच्या इन्स्टॉलरला वायफायचं फर्मवेअर (चिप चालायला लागणारी फाइल) वेगळं शोधून द्यावं लागायचं, तो वैताग १२ पासून संपला कारण आता ते इन्स्टॉलरमध्येच असतं. जुने लेख वाचून अजून कुणी घाबरवत असेल तर लक्ष देऊ नका.

उबुंटू याच डेबियनवर बनतो, २००४ पासून, आणि मागे कॅनॉनिकल कंपनी आहे. इथे डाउनलोड करताना एकच गोष्ट बघायची, नावापुढे एलटीएस (लाँग टर्म सपोर्ट, म्हणजे जास्त काळ सांभाळलं जाणारं व्हर्जन) आहे का. एलटीएस सम वर्षांच्या एप्रिलमध्ये येतो, २२.०४, २४.०४ असा, आणि पाच वर्षं अपडेट मिळतात. मधले सहा-सहा महिन्यांनी येणारे फक्त नऊ महिने चालतात, पण आकडा मोठा दिसतो म्हणून लोक तोच उतरवतात आणि वर्षभरात अपडेट बंद झाले म्हणून ओरडत बसतात. बाकी उबुंटूवर लोकांचा मुख्य राग स्नॅपवर (कॅनॉनिकलची प्रोग्राम टाकायची स्वतःची पद्धत) आहे, २२.०४ पासून फायरफॉक्स पण स्नॅप म्हणूनच येतो, अ‍ॅप्टने (डेबियन घराण्याच्या नेहमीच्या कमांडने) टाकायला गेलात तरी मागच्या दाराने स्नॅपच बसतो. मला स्वतःला त्याने फार फरक पडत नाही पण चिडणाऱ्यांचं चुकतं असंही नाही.

मिंट म्हणजे उबुंटू एलटीएसच घेतलेला, पण स्नॅप बंद आणि सिनॅमन डेस्कटॉप, ज्यात मेनू खाली डावीकडे, टास्कबार खाली, सगळं जिथल्या तिथे. विंडोजवरून येणाऱ्याला पहिल्या दिवशी काहीच शोधावं लागत नाही. टाइमशिफ्ट आधीच बसवलेलं असतं, पहिल्या लॉगिनला ते सुरू करून टाका, अपडेटनंतर काही बिनसलं तर सिस्टिम मागच्या तारखेला नेता येते. आयुष्यात पहिल्यांदा लिनक्स टाकताय ना? मग मिंट टाका आणि पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

पण लॅपटॉप अगदी नवा कोरा असेल तर थांबा. जुन्या कर्नलला (लिनक्सचा गाभा, जो हार्डवेअर चालवतो) नवीन वायफाय चिप, नवीन ग्राफिक्स ओळखता येत नाहीत आणि मग दोष येतो लिनक्सवर. अशा वेळी फेडोरा. साधारण सहा महिन्यांनी नवीन व्हर्जन, प्रत्येकाला अंदाजे १३ महिने सपोर्ट, आणि नवीन कर्नल मध्येच अपडेटमधून पण येत राहतो. डेव्हलपर लोकांमध्ये हा खूप चालतो, खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स फेडोरा वापरतात. एक तयारी ठेवा, पेटंटच्या भानगडीमुळे काही व्हिडिओ कोडेक (व्हिडिओ चालवायला लागणारे भाग) त्यात मिळत नाहीत, ते आरपीएम फ्युजन नावाच्या रेपोमधून (पॅकेजच्या साठ्यातून) टाकावे लागतात. पाच मिनिटांचं काम आहे, पण माहीत नसेल तर "व्हिडिओ चालत नाही" म्हणून अख्खी संध्याकाळ जाते.

आता आर्चवाले. आर्चमध्ये व्हर्जन हा प्रकारच नाही, रोलिंग आहे, पॅकेज आलं की आलं. लोक का वापरतात? एक म्हणजे नको ते काहीच बसत नाही. दुसरं एयूआर (वापरणाऱ्यांनीच भरलेला साठा), जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर शोधा, कुणीतरी त्याची स्क्रिप्ट तिथे टाकलेली असतेच (ती चालवण्याआधी वाचायची मात्र, ती कुणीही टाकू शकतो). तिसरं आर्च विकी, जी मी डेबियनवर असताना पण उघडतो. "मी आर्च वापरतो" हे सांगायला मिळतं हे चौथं कारण, ते कुणी कबूल करत नाही.

पण आर्च घेतलात तर त्याचे नियम पाळावे लागतात. अपडेट करायचं तर पूर्ण सिस्टिमचं, एखादंच पॅकेज नवं आणि बाकी जुनं असं केलंत की लायब्ररी जुळत नाहीत आणि प्रोग्राम उघडायचेच बंद होतात. चार-पाच महिने मशीन पडून राहिलं आणि मग अपडेट मारलं की पॅकमन (आर्चचं पॅकेज टाकणारं टूल) पॅकेजवरच्या डिजिटल सह्या ओळखत नाही म्हणून एरर फेकतो, कारण तुमच्याकडची सह्या तपासायच्या किल्ल्यांची यादी जुनी झालेली असते. आधी आर्चलिनक्स-कीरिंग हे पॅकेज अपडेट करायचं, लगेच मागोमाग पूर्ण अपडेट, झालं. ज्याला हे वाचूनच कंटाळा आला त्याने आर्च टाकू नये, सरळ सांगतो. रोलिंगच हवंय पण डोक्याला ताप नको, तर ओपनसूसे टम्बलवीड बघा, प्रत्येक अपडेटच्या आधी-नंतर सिस्टिमचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) निघतो आणि मशीन बिघडलं तर बूट मेनूमधूनच कालची सिस्टिम उघडता येते. याचं कौतुक हवं तेवढं होत नाही.

काली लिनक्स रोजच्या वापरासाठी टाकू नका, तो सिक्युरिटी टेस्टिंगसाठी बनवलाय, हॅकर वाटायला नाही. जेंटू आणि निक्सओएस ज्यांना पाहिजे त्यांना ते आधीच माहीत असतं.

ऑफिसच्या सर्व्हरसाठी निवडताय तर मागे कोण आहे तेही बघा. सेंटओएस ८ ला (रेड हॅट कंपनीच्या विकतच्या लिनक्सची फुकट आवृत्ती) २०२९ पर्यंत सपोर्ट मिळणार म्हणून लोकांनी टाकला, डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने जाहीर केलं की २०२१ च्या शेवटी बंद. त्यातूनच अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स उभे राहिले, आणि बरेच जण थेट डेबियनवर गेले ते तिथेच राहिले.

रॅम ४ जीबी किंवा कमी असेल तर एक्सएफसीईवालं मिंट किंवा डेबियन घ्या, पण चमत्काराची अपेक्षा नको, डेस्कटॉपने वाचवलेली रॅम ब्राउझरचे पाच टॅब खाऊन टाकतात. हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकलीत तर फरक जास्त दिसेल. प्रोसेसर ३२ बिटचा असेल तर पर्याय फारच कमी उरलेत, डेबियन १३ ने पण त्याचा इन्स्टॉलर काढला.

दोन-तीन नावं ठरली की एका पेनड्राइव्हवर व्हेंटॉय टाका आणि सगळ्या आयएसओ फाइल (डिस्ट्रोच्या साइटवरून उतरवलेल्या) नुसत्या कॉपी करा, बूट करताना यादी येते, हवा तो उघडायचा. लाइव्ह सेशनमध्ये (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणारा लिनक्स) वॉलपेपर बघत बसू नका. वायफाय जोडा, स्पीकर आणि माइक दोन्ही तपासा, ब्राइटनेसची बटणं दाबा, बाहेरचा मॉनिटर लावा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे झाकण बंद करून दोन मिनिटांनी उघडा, लॅपटॉप झोपेतून उठतो का बघा, नेमकं इथेच जास्त मशीन अडकतात. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर आहे, इन्स्टॉल झाल्यावर त्यातून ड्रायव्हर टाका.

विंडोज ठेवूनच शेजारी लिनक्स टाकणार असाल तर आधी डेटाचा बॅकअप, मग विंडोजमध्ये जाऊन बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं फीचर) रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या आणि फास्ट स्टार्टअप बंद करा. की नसताना बायोसमध्ये सिक्युअर बूट वगैरे हलवलंत तर विंडोज तीच मागत बसतं, आणि फास्ट स्टार्टअप चालू असेल तर लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. इन्स्टॉल करताना होम पार्टिशन (तुमच्या फाइलींचा कप्पा) वेगळं ठेवा. म्हणजे उद्या डिस्ट्रो बदलावासा वाटलाच, आणि वाटणारच आहे, तर रूट (सिस्टिमचा कप्पा) तेवढं फॉरमॅट करायचं, होम तसंच ठेवायचं.