क्लोराइड चाचणी : कोऱ्या नळीतही पांढरा साका येत असेल तर

लक्षण असे : खाडीकाठच्या विहिरीचे पाणी घ्या, पागोळीचे घ्या, नाहीतर नुसते ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी, म्हणजेच कोरी नळी. सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब पडले की प्रत्येक नळी दुधाळ. हा पांढरा साका क्लोराइडची (मिठातल्या घटकाची) खूण, कोऱ्या नळीत तो यायलाच नको.

सिल्व्हर नायट्रेट नव्याने बनवले (१.७ ग्रॅम, १०० मिली ऊर्ध्वपातित पाण्यात, तपकिरी बाटलीत), नळ्या साबणाने घासल्या. फरक शून्य. चार दिवस फुकट गेले.

दोष दोन निघाले. आधी टाकायचे आम्ल नायट्रिकऐवजी हायड्रोक्लोरिक होते, म्हणजे क्लोराइड आपणच ओतत होतो. आणि नळ्या शेवटी विसळल्या जात होत्या त्याच मचूळ विहिरीच्या पाण्याने!

आता क्रम असा. नळी ऊर्ध्वपातित पाण्याने तीनदा विसळा, आत बोट घालू नका. घामातही मीठ असते. २ मिली नमुना, त्यात विरल नायट्रिक आम्लाचे ५ थेंब. बुडबुडे थांबू द्या. कार्बोनेट राहिले तर त्याचाही साका येतो. मग सिल्व्हर नायट्रेटचे २ थेंब. शेजारी ऊर्ध्वपातित पाण्याची कोरी नळी हवीच, आणि ती स्वच्छ राहिल्याशिवाय दुसरीकडे बघूच नका. बॅटरीसाठी विकतात ते पाणीही आधी असेच तपासा.

खात्रीसाठी साक्यावर विरल अमोनिया घाला : विरघळला तर क्लोराइड. ही अमोनियाची नळी साठवू नका, त्यातून स्फोटक गाळ बनू शकतो. लगेच विरल नायट्रिक आम्लाने आम्लधर्मी करून चांदीयुक्त टाकाऊ द्रावणांसाठी ठेवलेल्या बाटलीत ओता.