ब्रेक फुटत नव्हता, तेव्हा
पूल खेळताना ब्रेक, म्हणजे डावाचा पहिला फटका, मारला की पांढरा बॉल उडायचा आणि रॅक, म्हणजे त्रिकोणी चौकटीत रचलेले बॉल, जेमतेम विस्कटायचा. आमच्या जळगावात यावर एकच सल्ला: ‘भाऊ, अजून जोर लाव!’ खरी गोम रॅकमध्ये होती. बॉल एकमेकांना चिकटलेले नसतील तर धक्का फटींतच जिरतो. आता त्रिकोण उचलण्याआधी मागच्या रांगेला बोटं लावून सगळे बॉल पुढे दाबून घेतो. क्यूचा, म्हणजे खेळायच्या काठीचा, मागचा भाग होईल तितका खाली ठेवतो, म्हणजे पांढरा उडत नाही. नेम पुढच्या बॉलच्या बरोब्बर मधोमध. जोर मुद्दाम थोडा कमी. नेमच चुकला तर जोर काय चाटायचाय? मे महिन्यात घामाने क्यू बोटांत अडकतो, तेव्हा खिशात रुमाल हवाच. एट-बॉल या पूलच्या प्रकारात नियमाने ब्रेकवर एकही बॉल भोकात पडला नाही तर किमान 4 बॉल कुशनला, म्हणजे टेबलाच्या कडेला, लागावे लागतात. तेवढे आता आरामात लागतात.