वेगवान नेटवर्क कार्डवर पॅकेट गळत असतील तर

10 गिगाबिटच्या लिंकवर सगळी पॅकेट (डेटाचे तुकडे) सर्वांत लहान, म्हणजे 64 बाइटची आली, तर सेकंदाला सुमारे 1 कोटी 48 लाख होतात. एका पॅकेटच्या वाट्याला जेमतेम 67 नॅनोसेकंद! एवढ्या वेगात बहुतेक वेळा आधी दमतो तो प्रोसेसर. पुढची कृती लिनक्ससाठी आहे.

1. गळती शोधा. सेटिंगला हात लावायचा तो यानंतरच. एथटूल या नेटवर्क कार्डाची माहिती दाखवणाऱ्या नि सेटिंग बदलणाऱ्या कमांडच्या आकडेवारीत ‘मिस्ड’ किंवा ‘नो बफर’ अशा नावाचे काउंटर वाढत असतील, तर पॅकेट कार्डापाशीच पडताहेत. (नावं ड्रायव्हरनुसार बदलतात.) मग प्रॉक-नेटमधली सॉफ्टनेट-स्टॅट (/proc/net/softnet_stat) ही फाइल उघडा. एक ओळ म्हणजे प्रोसेसरचा एक कोअर, आकडे हेक्साडेसिमल. दुसऱ्या रकान्यात टाकून दिलेली पॅकेट दिसतात. तिसरा रकाना काम शिल्लक असतानाच एका फेरीसाठी ठरलेला पॅकेटचा कोटा किंवा वेळ किती वेळा संपला ते सांगतो. एकाच ओळीतला तिसरा आकडा भराभर वाढतोय आणि बाकीच्या ओळी ढिम्म? म्हणजे सगळा भार एकट्या कोअरवर पडलाय.

2. कार्ड बसवलेला स्लॉट तपासा. एलएसपीसीआय या कमांडच्या सविस्तर माहितीत कार्डाची क्षमता आणि प्रत्यक्ष मिळालेली लिंक, दोन्ही दिसतात. तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसच्या 8 लेनमधून जेमतेम 63 गिगाबिट जातात. 100 गिगाबिटचं कार्ड तिथे कितीही ट्यून केलं तरी व्यर्थ.

3. क्यू (कार्डावरच्या पॅकेटच्या रांगा) आणि कोअर जुळवा. माझ्या मते खरा फरक इथेच पडतो. एथटूलच्या ‘शो-चॅनल्स’ने क्यू किती आहेत ते पाहा. कार्ड ज्या न्यूमा नोडला (कोअर आणि त्यांच्या जवळची मेमरी यांच्या गटाला) जोडलंय, त्याच नोडच्या कोअरना इंटरप्ट (पॅकेट आल्याचे कार्डाचे इशारे) वाटून द्या आणि शक्यतो अ‍ॅप्लिकेशनही तिथेच चालवा, नाहीतर डेटा दुसऱ्या सॉकेटपर्यंत हेलपाटे घालत राहतो. वाटणी हाताने करणार असाल, तर आयआरक्यू-बॅलन्स (इंटरप्ट आपोआप वाटणारी सेवा) बंद ठेवा. ती सेवा तुमची मांडणी मोडते. मात्र आरएसएस (पॅकेट क्यूंमध्ये वाटणारं कार्डाचं तंत्र) साधारणपणे एक फ्लो, म्हणजे एकाच जोडणीतली पॅकेट, एकाच क्यूत पाठवतं, त्यामुळे एकच मोठा फ्लो असेल तर क्यू वाढवून उपयोग नाही.

4. रिंग बफर (आलेली पॅकेट तात्पुरती ठेवायची जागा) वाढवा, पण पहिल्या पायरीत कार्डापाशी गळती दिसली असेल तरच. थेट कमाल आकडा टाकू नका: फार मोठी रिंग प्रोसेसरच्या कॅशेत मावत नाही आणि लेटन्सी (विलंब) वाढते. बदलताना लिंक क्षणभर तुटू शकते, म्हणून चालू कामाच्या वेळी हा प्रयोग नको.

5. इंटरप्ट कोअलेसिंग (अनेक पॅकेटसाठी मिळून एकच इंटरप्ट) गरजेप्रमाणे ठेवा. थ्रूपुट (सेकंदाला जास्तीत जास्त डेटा) हवं असेल तर इंटरप्टमधलं अंतर वाढवा, लेटन्सी महत्त्वाची असेल तर कमी करा.

6. ऑफलोड (प्रोसेसरचं काम हलकं करणाऱ्या सोयी) पाहा. जीआरओ (आलेली लहान पॅकेट जोडणारा) आणि टीएसओ (पाठवायचा मोठा डेटा कार्डावरच तोडणारा) सहसा चालू असावेत. मशीन राउटर किंवा ब्रिजचं काम करत असेल तर एलआरओ (पॅकेट जोडण्याचाच दुसरा प्रकार) मात्र बंदच हवा.

एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर काउंटर पुन्हा पाहा. एथटूलने केलेले बदल रीबूटनंतर टिकत नाहीत, तेव्हा जे उपयोगी ठरले तेवढे सिस्टमडीच्या सेवेत किंवा युडेव्हच्या नियमात लिहून ठेवा, म्हणजे मशीन सुरू होताना ते आपोआप लागू होतील.