वाड्यातून फ्लॅटमध्ये येताय? आधी ज्वारीचं ठरवा

गाव सोडून सोलापुरात फ्लॅट घेणाऱ्याला सल्ले भरपूर मिळतात: जुनं सामान काढा, घडीचा पलंग घ्या, कुंडीत तुळस लावा. असे सल्ले देणाऱ्यांनी बहुतेक कधी बळद, म्हणजे वाड्यातली धान्य साठवायची बंदिस्त जागा, रिकामं केलेलं नसतं.

फ्लॅट बघताना सगळ्यात वरचा मजला घेऊ नका. माळवदाच्या, म्हणजे जुन्या घराच्या सपाट धाब्याच्या, मातीखाली मे महिना निघून जातो, उघड्या स्लॅबखाली निघत नाही. व्यवहाराआधी सोसायटीला बोअर आहे का आणि टाकी किती मोठी आहे, हे विचारा. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. दिवाण, कपाट आणायचं तर जिन्याचं आणि दाराचं माप आधी घ्या. जातं गावीच राहू द्या.

आता ज्वारी. इथंच सगळे अडतात, मीही अडलो होतो.

गावात सुगी झाली की वर्षाची मालदांडी ज्वारी भरून ठेवायची सवय असते. घरची माणसं, पैपाहुणे, गडी धरून पोत्यांचा हिशेब व्हायचा. फ्लॅटमध्ये दोघंच राहणार असाल तर दोन्ही वेळच्या भाकरीला दिवसाला अर्धा किलोच्या आसपास पीठ लागतं. म्हणजे ५० किलोचा एक कट्टा तीन महिने पुरतो. तेव्हा एका वेळी एकच कट्टा वर आणा, बाकीची ज्वारी गावी भावाच्या कोठीत ठेवा. घरातली वडीलधारी माणसं म्हणतील, 'घरात वर्षाचं धान्य नाही म्हणजे कसलं घर?' ऐकून घ्या, पण कट्टा एकच आणा. दुसरा बेडरूम गोदाम झालेली घरं मी पाहिली आहेत. जुलै उजाडला की तिथं गादीवर सोंडे, म्हणजे धान्यातले किडे, फिरतात.

तो एक कट्टाही आणला तसा कोठीत ओतू नका. गच्चीवर ताडपत्री पसरून दोन दिवस कडक ऊन द्या. दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे. नुसता चेपला तर आणखी एक दिवस. मग ज्वारी सावलीत पसरून रात्रभर निवू द्या. घाईत हीच पायरी गाळली जाते. गरम धान्य पत्र्याच्या कोठीत कोंडलं की आतल्या बाजूला घाम सुटतो आणि बुरशी तिथूनच धरते. कडुलिंबाचा पाला घालायचा तर पूर्ण वाळलेला घाला, ओल्यानं नुकसानच होतं. कोठी लाकडी फळीवर आणि भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. न्हाणीघराच्या भिंतीला तर मुळीच टेकवू नका. पावसाळ्यात पंधरवड्याला झाकण उघडून बघा. सोंडे दिसले तर चाळा, पुन्हा ऊन द्या आणि तेवढी ज्वारी आधी दळून संपवा. अंडी दाण्याच्या आतच असतात, नुसत्या चाळणीनं ती जात नाहीत.

आणि ती गोळी. गावात धान्यात पावडरीची गोळी टाकतात ना, ॲल्युमिनियम फॉस्फाईडची, ती फ्लॅटमध्ये आणायचीसुद्धा नाही. कापडात गुंडाळून नाही, एकच नाही, 'आम्ही वर्षानुवर्षं टाकतोय' म्हणूनही नाही. हवेतल्या ओलीनं तिच्यातून फॉस्फीन वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही. बंद खोल्यांत तो साचतो, फटींतून शेजाऱ्यांकडेही जातो. गोळीमुळे झोपेतच माणसं दगावली आहेत, त्यांत लहान मुलंही आहेत. घरगुती वापराला ती देण्याची परवानगीच नाही, तरी कुणीतरी कागदाच्या पुडीत देतंच. दिली तर घेऊ नका. आधीच टाकली असेल तर वर पाणी ओतू नका, त्यानं वायू जास्तच सुटतो. खिडक्या-दारं उघडी टाकून सगळे बाहेर पडा, आजूबाजूच्या आणि वरखालच्या घरांनाही उठवा आणि ११२ ला फोन लावा. मळमळ, उलटी, छातीत दडपण वाटलं तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना गोळीचं नाव सांगा.

बाकीचं किरकोळ आहे. शेंगाचटणीसाठी उखळ आणलंच असेल तर खाली जाड गोणपाट घाला आणि दुपारी एक ते चार कुटू नका, खालच्या मजल्यावरची माणसं झोपलेली असतात. गच्चीवर बाज टाकायची तर सेक्रेटरींना विचारा. किल्ली बहुधा त्यांच्याकडेच असते.