उणे पातळीपासून सुरुवात: तरंगत्या सौर प्रकल्पाचा डिजिटल ट्विन

डिजिटल ट्विन म्हणजे बैठकीत फिरवून दाखवायचं थ्रीडी चित्र नव्हे. पाणी उतरलं, वारा फिरला, तर सौर पॅनेलचे तराफे तळाच्या नांगरांना बांधणारा कुठला दोर ढिला पडेल आणि कुठला ताणेल हे आकड्यांत सांगणारं, प्रत्यक्ष मोजमापाशी जुळवलेलं मॉडेल हवं. उदाहरणाला उजनी घेऊ. पूर्ण संचय पातळी ४९६.८३ मीटर, मृतसाठ्याची ४९१.०३, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे ५० टक्क्यांच्याही खाली, म्हणजे मृतसाठ्याच्याही बरंच खाली, गेलं होतं.

आधी तळ मोजा. होडीवर इको साउंडर (ध्वनिलहरींनी खोली मोजणारं यंत्र) आणि आरटीके जीपीएस (सेंटिमीटरभर अचूक जागा सांगणारं) लावून आखीव रेषांत फिरा. खोली ‘आजच्या पाण्यापासून’ नोंदवू नका. प्रत्येक बिंदू समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत बदला आणि धरणाची पातळी ज्या बेंचमार्कवरून, म्हणजे उंचीच्या पक्क्या खुणेवरून, मोजतात त्यालाच जोडा. गाळाची जाडीही हवी, कारण मऊ गाळावर काँक्रीटचा नांगरठोकळा घसरतो. मग जलसंपदा विभागाकडच्या किमान वीस वर्षांच्या रोजच्या पातळ्या मॉडेलमध्ये घाला. नीचांकी पातळीला उघडी पडणारी जागा तिथेच बाद. भिगवणकडचा रोहित पक्ष्यांचा उथळ भाग आणि मासेमारीच्या वाटाही आताच वगळा.

आता दोर. समजा पूर्ण पातळीला खोली २० मीटर आणि दोर २४ मीटरचा. ताठ दोराचं आडवं अंतर १३.३ मीटर येतं. पाणी ९ मीटर उतरलं की तोच दोर २१.३ मीटरपर्यंत पोहोचतो, म्हणजे तराफा नांगरापासून ८ मीटर जास्त सरकू शकतो. दोर ६० मीटरचा घेतला तर हा फरक जेमतेम २.४ मीटर. लांब दोराने तराफा भटकेल असं वाटतं, होतं उलटंच. फक्त नांगर ५७ मीटर लांब जातो आणि शेजारच्या गटाच्या दोरांत अडकू शकतो. ते मॉडेलमध्ये तपासा.

वाऱ्याची दहा मिनिटांची सरासरी इथे फसवते. वळवाच्या वादळातला ३ सेकंदांचा झोत धरा. दाब म्हणजे ०.६ गुणिले वेगाचा वर्ग: सेकंदाला ३९ मीटर वाऱ्याला चौरस मीटरमागे सुमारे ९१३ न्यूटन. हा मार मुख्यतः वाऱ्याकडच्या बाहेरच्या रांगा खातात, आतल्या आडोशाला असतात. भार सगळ्या दोरांवर सारखा वाटून टाकलात की कोपऱ्याचा दोर कागदावर सुरक्षित आणि पाण्यात तुटलेला. कडेला अडकलेल्या जलपर्णीचा ओढाही धरा. उजनीत ती विसरून चालत नाही.

सगळा प्रकल्प एकदम उभा करू नका. तेलंगणातल्या रामगुंडमचा १०० मेगावॉटचा प्रकल्प २.५ मेगावॉटच्या ४० गटांत विभागलेला आहे. तसा एकच गट आधी जुळवा. छोटा चाचणी तराफा सोडा, चारही कोपऱ्यांच्या दोरांवर लोड सेल (ताण मोजणारे सेन्सर) आणि दोन कोपऱ्यांवर आरटीके बसवा. सेकंदाला एक नोंद. वर्षभराच्या नोंदींपैकी एक आड एक आठवडा जुळवणीला, उरलेले पडताळणीला. फक्त पावसाळ्याच्या नोंदींवर जुळवलेलं मॉडेल मे महिन्यात चुकतं.

शेवटी नीचांकी पातळी, जोराचा झोत आणि एक दोर तुटलेला, हे तिन्ही एकत्र चालवून बघा. त्यात तराफा जितका सरकेल, त्याहून जास्त ढील पॉवर केबलला ठेवा.